यीस्ट, ऑक्सिजन आणि घरची बीअर: वर्टमध्ये हवा मिसळायची की नाही?

पिंपवाला (धागाकर्ता)

मंडळी, एक मत मांडतो आणि त्यावरून एक प्रश्न विचारतो.

घरी बीअर करायला शिकणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीलाच सांगतात की उकळून गार केलेल्या वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोड काढ्यात, यीस्ट टाकण्याआधी भरपूर हवा मिसळा. फर्मेंटर (बीअर आंबवायचं भांडं) गदागदा हलवा, उंचावरून ओता, पंप लावा. मी यातलं काहीच करत नाही. कोरड्या यीस्टचं पाकीट फोडतो, वर्टवर भुरभुरवतो आणि झाकण लावतो. दुसऱ्या दिवशी एअरलॉकमधून (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतून) बुडबुडे सुरू होतात. १.०४८ ग्रॅव्हिटीला (पाण्याच्या तुलनेतली घनता, साखर जास्त तितका आकडा मोठा) सुरू झालेली बीअर १.०११ च्या आसपास येऊन थांबते आणि चवीतही काही खटकत नाही. हवा मिसळण्याचं हे प्रकरण उगाच मोठं केलंय, असं माझं मत झालंय.

आता प्रश्न. या बॅचच्या तळाशी बसलेलं यीस्ट काढून ठेवून त्यावर एक जड बीअर करायचा विचार आहे, सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०८५. एक जाणकार मित्र म्हणतो की ऑक्सिजनचा सिलिंडर घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नकोस. दुसरा तितकाच जाणकार मित्र म्हणतो की बीअरची सगळ्यात जास्त नासाडी ऑक्सिजनच करतो. कुणाचं ऐकू?

बुडबुडा

मी ड्राय यीस्टच वापरतो आणि मीही हवा मिसळत नाही. कधी अडलं नाही. +१.

हॉप्सवेडी

दुसऱ्या मित्राचं ऐका! भरपूर हॉप्स (बीअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) घातलेली गढूळ आयपीए बीअर ऑक्सिजनने कशी होते ते एकदा बघा. बाटलीत भरताना सोनेरी असते, काही आठवड्यांत करडी-तपकिरी होते. आंब्या-संत्र्यासारखा वास जातो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव उरते.

रसायनी

पिंपवाला, तुमचे दोन्ही मित्र बरोबर आहेत. ते वेगवेगळ्या वेळांबद्दल बोलतायत. हॉप्सवेडी सांगताहेत ते आंबून झालेल्या बीअरबद्दल आहे, सिलिंडरवाला मित्र यीस्ट टाकण्याच्या वेळेबद्दल बोलतोय. जरा सविस्तर लिहितो, कारण यातली खरी मेख तुमच्या पाकिटात आहे.

यीस्टला ऑक्सिजन श्वासासाठी लागतो असं बरेचदा लिहिलेलं असतं. वर्टमध्ये तसं घडत नाही. साखर भरपूर असली की बीअरचं यीस्ट ऑक्सिजन असतानाही सरळ अल्कोहोल करायला लागतं. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. क्रॅबट्रीने १९२९ साली गाठीच्या पेशींमध्ये तशी वागणूक नोंदवली होती, त्यावरून हे नाव. वर्ट म्हणजे साखरेचाच साठा, त्यामुळे तिथे श्वसन जवळजवळ होतच नाही.

मग ऑक्सिजन जातो कुठे? पेशीचं पटल बांधायला. पटल लवचीक राहण्यासाठी यीस्टला स्टेरॉल लागतात, मुख्यतः एर्गोस्टेरॉल, आणि असंतृप्त मेदाम्लंही लागतात. ही दोन्ही बनवताना रेणूरूप ऑक्सिजन लागतोच, त्याला दुसरा पर्याय नाही. अँड्रियासन आणि स्टायर यांनी १९५३-५४ मध्ये दाखवलं की पूर्ण ऑक्सिजनविरहित माध्यमात एर्गोस्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लं बाहेरून घातली तरच यीस्ट नीट वाढतं.

पेशीला अंकुर फुटून नवी पेशी झाली की असलेलं स्टेरॉल दोघींत वाटलं जातं. पुढच्या पिढीत पुन्हा वाटणी. वडिलोपार्जित शेताचे तुकडे होत जावेत तसं. काही पिढ्यांनंतर प्रत्येकीच्या वाट्याला इतकं कमी येतं की पेशी आणखी विभागत नाही. वाढ थांबते. उरलेल्या पेशींचं पटलही कच्चं असतं, आणि नेमकं त्याच वेळी बाहेर अल्कोहोल वाढत असतं. बीअर १.०३० ला अडकून बसते, त्याचं हे एक नेहमीचं कारण.

आता तुमचं पाकीट. ड्राय यीस्ट कारखान्यात बनतं तेव्हा मळीसारखं गोड द्रावण थोडं थोडं सोडतात आणि खालून सतत हवा फुंकतात. साखर कधीच साठू देत नाहीत, म्हणजे क्रॅबट्री परिणाम सुरूच होत नाही. यीस्ट मनसोक्त श्वसन करतं, भरपूर वाढतं आणि स्टेरॉलचा मोठा साठा घेऊनच वाळतं. म्हणून ड्राय यीस्टचे उत्पादकच सांगतात की पहिल्या वापरात वर्टमध्ये हवा मिसळायची गरज नाही. तुमची बीअर छान झाली ती या साठ्यावर. तळाशी आत्ता जे यीस्ट बसलंय, त्याने तो साठा खर्च केलेला आहे.

पिंपवाला

रसायनी, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे तेच यीस्ट, तीच जात, पण दुसऱ्या फेरीत त्याची गरज वेगळी?

रसायनी

बरोबर. दुसऱ्या फेरीपासून त्याला लिक्विड यीस्टसारखंच वागवायचं.

तळगाळ

उत्तम प्रतिसाद, रसायनी. थोडी भर घालतो. वर्ट गार करताना तळाशी जो गाळ बसतो त्यात माल्टमधून आलेली मेदद्रव्यं असतात, असंतृप्त मेदाम्लंसुद्धा. यीस्ट ती थेट उचलतं. म्हणूनच थोडा गाळ फर्मेंटरमध्ये गेला तर फर्मेंटेशन उलट जोरात होतं. काचेसारखं स्वच्छ वर्टच आत जाऊ द्यायचं, हा हट्ट मी त्यामुळे सोडला. बीअर शेवटी तितकीच नितळ होते.

जुनाखोड

मूळ मुद्दा मान्य. तरी "फर्मेंटर हलवणं पुरेसं आहे" हे म्हणणाऱ्यांना मी इतक्यात मोडीत काढणार नाही. उकळल्यावर वर्टमधला ऑक्सिजन जवळजवळ सगळा निघून जातो, तो परत घालायचा असतो. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. त्यामुळे २० अंशाला साध्या ताकदीच्या वर्टमध्ये हवेतून कितीही प्रयत्न केले तरी लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन जात नाही. साध्या एलला (कोमट तापमानाला आंबवलेल्या बीअरला) तेवढा पुरतो. नुसतं हलवून पूर्ण ८ गाठणं अवघड, पण १.०४५-१.०५० च्या बीअरला ताजं आणि पुरेसं यीस्ट टाकलं असेल तर भागतं. मी वर्षानुवर्षं हेच करतोय.

एक कळकळीची विनंती. काचेचा मोठा कार्बॉय (अरुंद तोंडाची बरणी) भरलेला असताना हलवू नका. ओल्या हातातून निसटून फुटला तर हातापायाच्या शिरा कापल्या जातात. प्लास्टिकचा फर्मेंटर घ्या, किंवा वर्ट एका निर्जंतुक भांड्यातून दुसऱ्यात जोरात ओता.

शांतनिळा

मी मत्स्यालयाचा हवेचा पंप, त्याला ०.२ मायक्रॉनचा फिल्टर आणि टोकाला स्टीलचा सच्छिद्र दगड लावतो. एक फायदा असा की नुसत्या हवेने ऑक्सिजन प्रमाणाबाहेर जाऊच शकत नाही. तोटा म्हणजे फेस. फेस भांड्याबाहेर येऊ लागला की थांबायचं, बसू द्यायचं, पुन्हा सुरू करायचं. घाईचं काम नाही.

हॉप्सवेडी

पण मग गरम वर्टचं काय? मॅश (गरम पाण्यात भिजवलेला माल्ट) ढवळताना शिंतोडे उडाले तर बीअर लवकर शिळी होते म्हणतात.

जुनाखोड

त्यावर तज्ज्ञांमध्येच एकमत नाही. माझ्या मते घरगुती पातळीवर मॅश हळू ढवळला की पुरे, त्यासाठी झोप घालवू नये. गार झाल्यावर यीस्ट टाकण्याच्या वेळी किती ऑक्सिजन गेला आणि फर्मेंटेशननंतर किती शिरला, या दोन ठिकाणी लक्ष दिलं तर फरक चवीत दिसतो.

कोठीवाली

एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. ऑक्सिजनच्या आधी यीस्टची संख्या! पेशी कमी टाकल्या तर त्यांना जास्त पिढ्या वाढावं लागतं, म्हणजे स्टेरॉलची वाटणी जास्त वेळा, म्हणजे ऑक्सिजन जास्त. दोन्ही गोष्टी एकाच हिशेबात धरायला हव्यात.

रूढ हिशेब असा: एलसाठी दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोला (वर्टमधल्या साखरेचं टक्क्यांतलं माप) साडेसात लाख पेशी. लागरसाठी (थंडीत आंबवायच्या बीअरसाठी) दुप्पट, म्हणजे १५ लाख. ग्रॅव्हिटीच्या शेवटच्या आकड्यांना ४ ने भागलं की ढोबळ प्लेटो मिळतो. पिंपवाला यांची साधी बीअर १.०४८ म्हणजे १२ प्लेटो. २० लिटरला १८० अब्ज पेशी. जड बीअर १.०८५ म्हणजे २० प्लेटोच्या थोडी वर. २० लिटरला ३०० अब्जांहून थोड्या जास्त.

बुडबुडा

मग जड बीअरला सरळ दोन-तीन ताजी पाकिटं टाकली तर? ऑक्सिजनची कटकटच नको.

कोठीवाली

चालेल. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवते. पण हवं ते यीस्ट फक्त द्रवरूपात मिळत असेल किंवा तळाचं यीस्ट पुन्हा वापरायचं असेल, तर हवा मिसळायला शिकावंच लागतं.

नवखा_०७

स्टार्टर केला तर, म्हणजे थोड्या वर्टमध्ये यीस्ट आधी वाढवून घेतलं तर? चुंबकीय ढवळणीवर रात्रभर फिरवलं की यीस्टला तिथेच ऑक्सिजन मिळत असेल ना?

रसायनी

मिळतो, आणि म्हणूनच स्टार्टर उपयोगी आहे. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम कोरडा माल्ट एक्स्ट्रॅक्ट उकळून गार केला की १.०३७ च्या आसपासचं वर्ट होतं. त्याहून जड स्टार्टर करू नये. उद्देश यीस्ट वाढवण्याचा आहे, त्याला दमवायचं नाही. चंबूच्या तोंडावर निर्जंतुक केलेला फॉइलचा तुकडा सैल ठेवायचा. तिथे एअरलॉक लावला तर हवाच आत येत नाही.

पण स्टार्टरमध्येही साखर आहे, म्हणजे क्रॅबट्री तिथेही आहेच. कारखान्यातल्या यीस्टइतका साठा त्यात होत नाही. मुख्य वर्टमध्ये हवा मिसळायचीच.

तिखटमीठ

कुठेतरी वाचलं होतं की ऑक्सिजनऐवजी ऑलिव्ह तेलाचा थेंब टाकतात. खरं आहे का?

तळगाळ

खरं आहे, अर्ध्याच रूपात पसरलंय. अमेरिकेतल्या न्यू बेल्जियम ब्रुअरीत तसे प्रयोग झाले. कल्पना सरळ होती: यीस्ट ऑक्सिजन वापरून जी असंतृप्त मेदाम्लं बनवतं, त्यातलं ओलेइक आम्ल ऑलिव्ह तेलात तयार असतं, मग तेच का देऊ नये? म्हणजे वर्टमध्ये ऑक्सिजन कमी घालता येईल आणि बीअर जास्त काळ ताजी राहील. त्यांनी तेल वर्टमध्ये टाकलं नव्हतं. साठवणीच्या टाकीतल्या यीस्टला दिलं होतं, तेही अगदी थोडं. फर्मेंटेशन झालं, मात्र थोडं संथ, आणि एस्टरचा फळांसारखा वास थोडा वाढला.

घरी २० लिटरला लागेल ते तेल एका थेंबाच्याही लहान भागाएवढं भरेल. ते मोजणार कसं? शिवाय तेलात एर्गोस्टेरॉल नसतं, म्हणजे काम अर्धंच होतं. वाचायला फार सुंदर प्रयोग, घरी करण्याजोगा नाही.

जुनाखोड

तेलाचा विषय निघालाच आहे तर: ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या, रेग्युलेटरच्या किंवा नळीच्या आसपास तेल, ग्रीस काहीही येऊ देऊ नका. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेलकट पदार्थ भडकतो. आटा घट्ट बसत नाही म्हणून ग्रीस लावायचं नाही. आजूबाजूला शेगडी पेटलेली नको.

शांतनिळा

धाग्याला चांगला फेस आलाय. वाचतोय.

इंग्रजीएल

थोडं अवांतर. सगळ्या यीस्टची ऑक्सिजनची भूक सारखी नसते. काही जातींना ४-५ मिलिग्रॅम पुरतात, काहींना हवेतून मिळणारे ८ सुद्धा अपुरे पडतात. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या जुन्या ब्रुअऱ्यांत चौकोनी, दुमजली टाक्या असतात, यॉर्कशायर स्क्वेअर. तिथलं यीस्ट पटकन गोळा होऊन वर किंवा तळाशी जातं आणि काम अर्धवट सोडतं. म्हणून खालच्या टाकीतलं द्रव पंपाने वरच्या मजल्यावर आणून यीस्टसह पुन्हा खाली सोडतात. यीस्ट पुन्हा मिसळतं, सोबत थोडी हवाही मिळते. फर्मेंटेशन सुरू असताना हवा देऊ नये हा आपला नियम, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या ते केलं जातं! यीस्ट जोमात असताना मिळालेला थोडा ऑक्सिजन ते लगेच संपवतं, म्हणून तिथे हे चालतं.

हॉप्सवेडी

सुंदर माहिती. पण नवख्यांनी यावरून झाकण उघडून ढवळायला सुरुवात करू नये, म्हणून शेवटच्या टप्प्याचं लिहिते. माझा सगळा जीव त्यात आहे.

यीस्टने काम आवरलं की आत शिरलेला ऑक्सिजन उचलायला कुणी जागं नसतं. मग तो हॉप्सचा सुगंध मारतो, रंग गडद करतो आणि हळूहळू पुठ्ठ्यासारखी चव आणतो. शिवाय लोण्यासारखा वास देणारं डायअसिटिल तेव्हाही तयार होऊ शकतं. यीस्टमधून बाहेर आलेल्या ॲसिटोलॅक्टेटचं ऑक्सिडीकरण होऊन ते बनतं. यीस्ट जागं असेल तर ते खाऊन टाकतं, नसेल तर वास बाटलीतच राहतो.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे कोल्ड क्रॅश. २० अंशांची बीअर २-३ अंशांवर नेली की वरचा वायू आकसतो, थोडा बीअरमध्ये विरघळतो आणि एअरलॉकमधून बाहेरची हवा आत ओढली जाते. अनेकजण बाकी सगळं जपतात आणि इथे सोडून देतात. फर्मेंटेशन जोरात असताना निघणारा कार्बन डायऑक्साइड एका जाड फुग्यात किंवा पिशवीत साठवून तीच जोडून ठेवली की थंड करताना तोच वायू आत जातो. आणि ड्राय हॉप (न उकळता थेट बीअरमध्ये टाकायचे हॉप्स) फर्मेंटेशन पूर्ण संपायच्या थोडं आधी घाला, म्हणजे सोबत गेलेली हवा यीस्ट संपवतं. बाटली भरताना नळी तळापर्यंत न्या, खळखळ होऊ देऊ नका.

नवखा_०७

म्हणजे यीस्ट टाकायच्या वेळी जितका जास्त ऑक्सिजन तितकं चांगलं?

कोठीवाली

नाही. शुद्ध ऑक्सिजनने प्रमाण सहज ओलांडता येतं. यीस्ट गरजेपेक्षा जास्त वाढतं, साखर अल्कोहोलऐवजी पेशी बनवण्यात जाते, एस्टर कमी होतात आणि घशाला जळजळणारे फ्युझेल अल्कोहोल वाढू शकतात. बेल्जियन पद्धतीच्या बीअरमध्ये तर फळांचा वास हवाच असतो, तिथे सढळ हाताने ऑक्सिजन देऊ नये.

जुनाखोड

आणि वेळही महत्त्वाची. यीस्ट टाकण्याच्या अगदी आधी किंवा लगेच नंतर. यीस्ट विरघळलेला ऑक्सिजन काही तासांतच संपवतं. आदल्या रात्री हवा मिसळून सकाळी यीस्ट टाकलं तर रात्रभर तो ऑक्सिजन वर्टचं ऑक्सिडीकरण करत बसतो.

पिंपवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिलं मत मागे घेतो. "हवेची गरज नाही" हे फक्त ताज्या पाकिटापुरतं खरं आहे. आता जड बीअरकडे परत येतो. तळाचं यीस्ट बरणीत घेऊन फ्रिजमध्ये ठेवलंय. किती टाकू, ऑक्सिजन किती देऊ?

कोठीवाली

नीट बसलेल्या घट्ट स्लरीत (यीस्टच्या लगद्यात) मिलिलिटरला साधारण १ अब्ज पेशी धरा, थोडा गाळ त्यात असतोच. तुम्हाला ३०० अब्जांहून थोड्या जास्त हव्यात, काही मेलेल्याही असणार, म्हणून साधारण ४०० मिलिलिटर. पाण्याने धुऊ नका, स्वतःच्या बीअरखालीच राहू द्या. झाकण सैल ठेवा, आतला वायू निघाला पाहिजे. एक-दोन आठवड्यांत वापरून टाका. वापरण्याआधी वास घ्या: पावासारखा असेल तर ठीक, आंबट किंवा कुजका असेल तर सगळं फेका. सूक्ष्मदर्शक मिळाला तर मेथिलीन ब्लूने तपासा, मेलेल्या पेशी निळ्या दिसतात.

हलक्या, कमी हॉप्सच्या बीअरचं यीस्ट जड बीअरला वापरणं हा क्रम बरोबर आहे. जड बीअरमधून निघालेलं यीस्ट मात्र पुढे वापरू नका, ते अल्कोहोलने थकलेलं असतं.

रसायनी

आणि इथे तुमचा सिलिंडरवाला मित्र बरोबर आहे. वर्ट जितकं जड तितका ऑक्सिजन त्यात कमी विरघळतो, आणि यीस्टची गरज तिथेच जास्त असते. १.०८५ ला हवेने लिटरला ८ मिलिग्रॅमसुद्धा गाठता येत नाहीत, लागतात मात्र १० ते १२. हे शुद्ध ऑक्सिजनशिवाय होत नाही. ०.५ मायक्रॉनचा दगड, मिनिटाला १ लिटरचा प्रवाह आणि २० लिटर वर्ट असेल तर मिनिटभरात ८ ते १० मिळतो. तुम्ही दीड मिनिटापर्यंत द्या. दगड तळाशी ठेवा. मोठे बुडबुडे वर येऊन फुटत असतील तर प्रवाह कमी करा, कारण तो ऑक्सिजन वाया जातोय.

पिंपवाला

दुसऱ्यांदा द्यायचा असतो असंही ऐकलं. कधी?

रसायनी

इतक्या जड वर्टला उपयोग होतो. यीस्ट टाकल्यापासून १२ ते १८ तासांच्या आत, एकदाच आणि कमी, अर्धा मिनिट पुरे. तोवर पेशींची पहिली विभागणी झालेली असते, नव्या पेशींना पटल बांधायला ते कामी येतं. दगड पुन्हा उकळून घ्या. त्यानंतर झाकण उघडायचं नाही.

हॉप्सवेडी

आणि यीस्टसाठी जस्त असलेलं न्यूट्रियंट उकळी संपताना घाला. माल्टमधलं बरंचसं जस्त चोथ्यात आणि गाळातच राहून जातं.

पिंपवाला

घेतो. सिलिंडर कुणाकडून उसना मिळतोय का बघतो, नाही मिळाला तर बुडबुडा म्हणतात तशी तीन ताजी पाकिटं टाकेन आणि हे यीस्ट पुढच्या साध्या एलला वापरेन, हलवून हवा मिसळून.

जुनाखोड

दोन्ही बेत चांगले. एल हलवताना काचेच्या भांड्याबाबत सांगितलेलं लक्षात ठेवा.